शॉवरचा पंप कुरकुरला तर

पंप बिघडला की आमच्याकडे लगेच नव्या पंपाची चर्चा सुरू होते. मी आधी मेन स्विच बंद करते आणि शॉवरची जाळी व्हिनेगरमध्ये बुडवते. धार बारीक झाली असेल तर बऱ्याचदा दोष तिथल्या क्षाराचाच असतो, पंप बिचारा उगाच बदनाम!

पंप नुसता घुमतोय, फिरत नाही? ताबडतोब बंद करा, नाहीतर वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) जळेल. बहुतेक इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) अडकलाय किंवा कपॅसिटर (मोटर सुरू व्हायला मदत करणारा भाग) गेलाय. कपॅसिटरमध्ये वीज तोडल्यावरही चार्ज राहतो, म्हणून तिथे मी हात घालत नाही, इलेक्ट्रिशियनला बोलावते.

पाणी फसफसत, अडखळत येत असेल तर पाइपात हवा शिरलीय. टाकीची पातळी बघा, पंपाआधीची गाळणी धुवा.

खरा छळ म्हणजे सगळे नळ बंद असताना पंप मध्येच चालू होणं. पंपातून पाणी बाहेर जातं त्या पाइपावरचा व्हॉल्व्ह बंद करून थोडा वेळ थांबा. पंप गप्प राहिला तर गळती पुढे कुठेतरी आहे. आधी फ्लशची टाकी तपासा. तरीही चालू-बंद होत राहिला, तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे जाऊ न देणारी झडप) किंवा प्रेशर स्विच (पाण्याच्या दाबानुसार पंप चालू-बंद करणारा) बघायला सांगा.