आयक्यू रिपोर्टमध्ये एक आकडा १३८ आणि दुसरा ९४? आधी हे बघा

माझा भाचा साडेसहा वर्षांचा. बहिणीने त्याची विस्क-फाइव्ह (मुलांचा आयक्यू मोजणारी) टेस्ट करून घेतली आणि रात्री साडेदहाला रिपोर्टचा फोटो पाठवला, खाली एकच ओळ, "स्पीड ९४, म्हणजे हा स्लो आहे का गं?" भाषा १३८, आकृत्या आणि तर्क १३० च्या आसपास, वर्किंग मेमरी १०८, प्रोसेसिंग स्पीड ९४, आणि वर ठळक अक्षरात फुल स्केल, म्हणजे एकूण आयक्यू, १२७.

तर पहिली गोष्ट, हे मार्क नाहीत. १०० म्हणजे बरोबर मधलं मूल, आणि साधारण दोन तृतीयांश मुलं ८५ ते ११५ मध्येच येतात. म्हणजे ९४ अगदी नॉर्मल आहे, शेजारी १३८ बसलाय म्हणून तो बिचारा केविलवाणा दिसतोय एवढंच.

मग तो ठळक १२७. सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या इंडेक्समध्ये (भाषा, मेमरी, स्पीड असे वेगवेगळे आकडे) २३ किंवा जास्त फरक असेल तर त्या एका आकड्यावर फार विसंबू नका असा जुना ठोकताळा आहे, इथे तर फरक ४४ चा! अशा वेळी सायकॉलॉजिस्टना जीएआय (जनरल अ‍ॅबिलिटी इंडेक्स) काढून मागायचा, त्यात मेमरी आणि स्पीड धरत नाहीत. भाच्याचा १३६ आला. अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन फॉर गिफ्टेड चिल्ड्रननेही २०१८ मध्ये सांगितलंय की विस्क-फाइव्ह वापरताना फुल स्केलचाच हट्ट धरू नका.

पण खरं काम यापुढे आहे. खालचा आकडा *कसा* आला ते विचारा. स्पीडच्या 'कोडिंग' नावाच्या भागात दोन मिनिटांत पेन्सिलीने भराभर खुणा काढायच्या असतात. आमचे साहेब जीभ बाहेर काढून एकेक रेघ कोरत बसले, एक वाकडी आली तर खोडरबर मागितलं (मिळत नाही), तेवढ्यात वेळ संपला. टेस्ट घेणाऱ्या मॅडमनी हे रिपोर्टच्या तिसऱ्या पानावर लिहिलंही होतं, पण आकडे दिसल्यावर तिसरं पान वाचतंय कोण.

मात्र "परफेक्शनिस्ट आहे हो" म्हणून सोडूनही देऊ नका. शाळेतही फळ्यावरचं उतरवायला वेळ लागतो का, लिहिताना हात दुखतो म्हणतो का, लक्ष उडतं का, हे टीचरला विचारा आणि डोळे तपासून घ्या, कारण हुशार मुलं बोलण्याच्या जोरावर लिहिण्यातली अडचण बरीच वर्षं झाकून नेतात. आणि टेस्ट इंग्रजीत झाली असेल नि घरी सगळं मराठीच, तर भाषेचा आकडा खरा त्याहून जास्तही असू शकतो.

लगेच दुसरीकडे नेऊन परत टेस्ट मात्र करू नका, सरावाने आकडे फुगतात. निदान वर्षभर थांबा.

भाच्याचा चष्मा निघाला, पाऊण नंबर.