पोस्टग्रेसला दुसऱ्या मशीनवरून जोडताना

"पोस्टग्रेस डेटाबेसचा सर्व्हर चालू आहे, पण कनेक्ट होत नाही," असं कोणी म्हणालं की मी आधी एररचे नेमके शब्द विचारतो. अर्धं उत्तर त्यातच असतं.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं, तर बहुतेक वेळा मशीन सापडलंय, पण 5432 पोर्टवर ऐकणारं कोणी नाही. पोस्टग्रेस मुळात फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच मशीनवरून आलेलं, ऐकतो. पोस्टग्रेसक्यूएल डॉट कॉन्फ या सेटिंग्जच्या फाइलमध्ये 'लिसन ॲड्रेसेस' बदला. इथे अनेक जण क्लायंटचा आयपी टाकतात. तो नको, सर्व्हरचा स्वतःचा पत्ता हवा, किंवा सगळ्या पत्त्यांसाठी तारांकन. यानंतर रीस्टार्ट लागतोच, रीलोडने, म्हणजे चालू सर्व्हरला सेटिंग्ज पुन्हा वाचायला लावून, भागत नाही. आणि फाइल उघडण्याआधी सर्व्हरला 'शो कॉन्फिग फाइल' विचारा. एकाच मशीनवर दोन आवृत्त्या असल्या की हमखास भलतीच फाइल बदलली जाते.

'टाइमआउट' असेल तर डेटाबेसला तूर्त हात लावू नका. फायरवॉल आणि राउटिंग बघा.

'नो पीजी एचबीए एंट्री' दिसलं की मला बरं वाटतं, कारण नेटवर्कचं काम झालेलं असतं. त्या एररमध्ये आयपी, युजर आणि डेटाबेस लिहिलेला असतो. कोणाला आत घ्यायचं याचे नियम 'पीजी एचबीए डॉट कॉन्फ' या फाइलमध्ये असतात; तोच आयपी तिथल्या नियमात घाला. मधे नॅट (वाटेत पत्ता बदलणारा राउटर) असेल तर क्लायंट स्वतःचा जो पत्ता सांगतो तो सर्व्हरला दिसतच नाही. ओळीचा क्रम असा: कनेक्शनचा प्रकार, डेटाबेस, युजर, पत्ता, पद्धत. एकाच मशीनसाठी पत्त्यापुढे /32.

या फाइलची खोच म्हणजे ती वरून खाली वाचली जाते आणि जुळणारी पहिली ओळच लागू होते. तिथे पासवर्ड चुकला तर पुढच्या ओळीकडे कोणी बघत नाही. म्हणून नेमके नियम वर, ढोबळ खाली. पासवर्ड तपासण्याची पद्धत 'स्क्रॅम-शा-256' ठेवा. जुना पासवर्ड एमडी5 या जुन्या पद्धतीत साठवलेला असेल तर तो नव्याने सेट करावा लागेल. 'ट्रस्ट' ही पद्धत पासवर्ड विचारतच नाही. नेटवर्कवरच्या ओळीत ती मला कुठल्याही सबबीवर चालत नाही. इथे मात्र रीलोड पुरतो, आणि त्याआधी 'पीजी एचबीए फाइल रूल्स' हा व्ह्यू पाहिला तर चुकलेली ओळ लगेच सापडते.

क्लायंटकडे 'एसएसएल मोड' काही न लिहिता सोडला तर तो 'प्रिफर' असतो, म्हणजे जमलं तर एन्क्रिप्शन, नाहीतर उघडंच. नुसतं 'रिक्वायर' सर्व्हर खरा की तोतया हे तपासत नाही. रूट सर्टिफिकेट देऊन 'व्हेरिफाय-फुल' लावा. 'कनेक्ट टाइमआउट'ही 10 सेकंदांवर आणा.

'टू मेनी क्लायंट्स' आलं की लोक 'मॅक्स कनेक्शन्स'चा मूळचा 100 हा आकडा वाढवत सुटतात. प्रत्येक कनेक्शनमागे सर्व्हरवर एक वेगळी प्रोसेस उभी राहते. आकडा वाढवण्याआधी 'पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी' या व्ह्यूमध्ये किती कनेक्शन्स 'आयडल', म्हणजे काहीच न करता, पडून आहेत ते मोजा. बरीच निघाली तर मधे पीजीबाउन्सर बसवा, तो थोडीच कनेक्शन्स अनेक क्लायंट्सना वाटून देतो.