चर्चच्या नोकरांचा पगार कसा तपासावा

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (५:४) अडवून ठेवलेली मजुरी ओरडते. तो उतारा वेदीवरून वाचण्याआधी पॅरिशची (स्थानिक चर्चची) फायनान्स कमिटी एक यादी करू शकते: घंटा वाजवणारा, आवार झाडणारी, फादरांचा स्वयंपाक करणारी, दफनभूमीत खड्डा खणणारा. 'ते सेवा म्हणून करतात' असं सांगून कुणालाही वगळू नका. एजन्सीचा वॉचमनही घ्या. त्याची वेतनपावती मागा, कारण आपण भरलेलं बिल आणि त्याच्या हातात पडलेली रक्कम यांत तफावत असू शकते.

मग प्रत्येकापुढे प्रत्यक्ष तास लिहा. इथेच घोटाळा होतो. रविवारी चर्चच्या माणसाला सगळ्यात जास्त काम, म्हणून त्याची साप्ताहिक सुट्टी दुसऱ्या ठरलेल्या वारी हवी. कित्येकदा ती कागदावरही नसते.

महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता (महागाईनुसार बदलणारा भाग) जानेवारी आणि जुलैत बदलतो. ताजा दर पाहा आणि तो आपल्याला लागू आहे का यावर वाद न घालता तळ म्हणून धरा. महिना १३,००० असेल तर भागिले कामाचे २६ दिवस, रोज ५००, तासाला ६२.५०. पवित्र आठवड्यात (ईस्टरआधीच्या) आणि नाताळात ८ तासांपुढच्या प्रत्येक तासाला दुप्पट, म्हणजे १२५. आवारातली खोली दिली म्हणून पगार कापू नका; ती नोकरीबरोबरच जाते.

'त्याची काही तक्रार नाही' हे उत्तर चालत नाही. गरजेपोटी कमी मजुरी मान्य करणाऱ्यावर अन्यायच होतो, हे पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरूम नोव्हारूम' या परिपत्रकामध्ये लिहून ठेवलंय. विचारायचंच तर फादरांसमोर विचारू नका.

ग्रॅच्युइटीचा (नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेचा) कायदा १० किंवा जास्त नोकर असतील तिथे लागतो. छोट्या चर्चनेही वर्षाला १५ दिवसांचा पगार वेगळा ठेवावा: १३,००० × १५ ÷ २६ = ७,५००, महिन्याला ६२५. नाहीतर वीस वर्षं राबलेला माणूस शाल-श्रीफळावर घरी जातो.

वाढीव पैसा वार्षिक बजेटमध्ये घाला. खास कलेक्शन एकदाच होतं, पगार दर महिन्याला द्यावा लागतो.

बायबलमधलं 'अनुवाद' हे पुस्तक (२४:१५) मजुरी सूर्यास्ताआधी द्यायला सांगतं. मासिक पगार निदान ७ तारखेच्या आत बँकेत जमा व्हावा. फादर रिट्रीटला (प्रार्थनेच्या एकांतवासाला) गेले आणि चेक सहीविना राहिला, असं होऊ नये म्हणून दुसरा सहीदार आधीच नेमा.