गेम मधेच अडकतोय? दुसऱ्या हार्ड डिस्कच्या या चुका टाळा

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतंच, "दादा, गेम मधेच अडकतो, ग्राफिक्स कार्ड बदलू का?" मी आधी एवढंच विचारतो की कॅबिनेटमध्ये जुनी हार्ड डिस्क जोडलीये का. उत्तर येतं, "आहे, पण गेम तर एसएसडीवर टाकलाय." एसएसडी म्हणजे आत काहीच न फिरणारी वेगवान डिस्क, पण इथेच सगळे फसतात.

आमच्या पुण्यातल्या कर्वेनगरच्या सोसायटीत एक पोरगा आहे, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. नवा पीसी, गेम एनव्हीएमईवर (एसएसडीचाच आणखी वेगवान प्रकार), आणि बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरमधली १ टीबीची डिस्क डी ड्राइव्ह म्हणून लावलेली. गेम मस्त चालायचा आणि अचानक पाच-सात सेकंद चित्र गोठायचं, आवाज एकाच जागी घरघरायचा, मग परत सगळं सुरळीत. पोराने ड्रायव्हर बदलले, रॅम काढून पुसून लावली, तीनदा विंडोज फॉरमॅट मारला, शेवटी इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तापकीर गल्लीतून, नवा एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा आणला. फरक शून्य.

मी गेलो, कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढला, त्याला खेळत राहा म्हटलं आणि डिस्कवर बोट टेकवून बसलो. अर्धा तास झाला तरी डिस्क गप्प. मग मिशन संपलं, कोपऱ्यात सेव्हचं चिन्ह आलं, चित्र गोठलं आणि त्याच क्षणी बोटाखाली थरथर झाली, टक् आणि मग घूंऽऽ करत डिस्क फिरायला लागली. तिने पूर्ण वेग घेतला आणि गेम सुटला.

झालं असं होतं की विंडोजच्या बॅलन्स्ड प्लॅनमध्ये (वीज वापराची नेहमीची सेटिंग) डिस्क २० मिनिटं वापरली नाही की ती झोपते. आणि पोराने डॉक्युमेंट्स फोल्डर डीवर हलवला होता, गेमचे सेव्ह तिथेच जायचे. दोन सेव्हमध्ये २० मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडलं की अडकणार, कमी पडलं की नाही, म्हणून त्याला ते कधीही होतंय असं वाटायचं. फॉरमॅट मारून काय होणार, नव्या विंडोजमध्ये परत तीच २० मिनिटं येतात आणि हा परत पहिलं काम म्हणून डॉक्युमेंट्स डीवर टाकायचा!

पॉवर ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, तिथे हार्ड डिस्क, तिथे ० टाका, म्हणजे डिस्क झोपणारच नाही. मी त्यावर थांबत नाही, डॉक्युमेंट्स, पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरते ती फाइल) आणि गेमप्ले रेकॉर्डिंगचं फोल्डर तिन्ही एसएसडीवर परत आणतो. जागा वाचवायला पेजफाइल डीवर टाकायचा सल्ला व्हिडिओवाले अजून देतात, कृपा करून ऐकू नका.

दुसरी मोठी चूक म्हणजे खात्री न करता पैसे खर्च करणं. पीसी बंद करा, प्लग काढा, त्या डिस्कच्या डेटा आणि पॉवर दोन्ही केबल काढा, तासभर खेळा. मात्र डॉक्युमेंट्स डीवर असतील तर आधी सीवर आणा, नाहीतर गेमला सेव्हच सापडणार नाहीत. केबल काढल्यावर विंडोजच चालू होत नसेल तरी घाबरू नका, विंडोज टाकताना दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या की बूटचा भाग कधीकधी जुन्या डिस्कवर जाऊन बसतो. मी म्हणून विंडोज टाकताना दुसरी डिस्क नेहमी काढूनच ठेवतो. केबल काढायला दहा मिनिटं लागतात, पण पोरांना धीर नसतो, त्यांना एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, वाढवणारे बूस्टर टाकायचे असतात. त्या बूस्टरने झोपलेली डिस्क लवकर उठत नाही हो.

डीवर मोठं डाउनलोड चालू ठेवून खेळू नका.

मोठा ओपन वर्ल्ड गेम थेट हार्ड डिस्कवर टाकलाय? मग सेटिंग शोधत बसू नका. ७२०० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७२०० फेरे मारणाऱ्या डिस्कचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा, त्यात डेटा वाचणारं हेड इकडून तिकडे न्यायचा वेळ वेगळा, आणि ६० एफपीएसला एका फ्रेमला मिळतात १६.७ मिलिसेकंद. गेमने डेटाचे दोन-तीन तुकडे वेगवेगळ्या जागचे मागितले की गणित संपलं. स्टारफील्डने २०२३ मध्ये एसएसडी सक्तीचीच केली, सायबरपंक २०७७ नेही त्याच वर्षी हार्ड डिस्कला रामराम केला.

आणि डिस्क जागी असूनही अडकत असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. त्यातल्या सी७ चा (डेटा पाठवताना झालेल्या चुकांचा) आकडा वाढत असेल तर आधी साटा, म्हणजे डिस्कची डेटा केबल बदला, स्वस्तात काम होतं. सी५ किंवा सी६ (नीट वाचता न येणाऱ्या जागांचे आकडे) शून्याच्या वर असेल तर गेम विसरा, डेटा वाचवा. इथे लोक घाईने चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करायचं टूल) चालवतात, तसं करू नका, मरायला टेकलेली डिस्क त्या ताणाने पूर्ण जाऊ शकते. आधी कॉपी, मग काय ते.

त्या पोराच्या डिस्कवर सी५ शून्य होता. पण आत त्याच्या आजीचे सगळे फोटो होते आणि दुसरी कॉपी कुठेच नव्हती. त्या संध्याकाळी गेम बंद करायला लावून आधी ते फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवले, मगच घरी गेलो.