खाद्यतेल आयात करताय? या चुका टाळा

न्हावा शेवा बंदरात आयातीची कागदपत्रं करण्यात माझी बरीच वर्षं गेली. तेलाचा कंटेनर अडकला म्हणून फोन आला की मी आधी एकच विचारतो: माल भरण्यापूर्वी छापलेलं लेबल कोणी वाचलं होतं का? बहुतेक वेळा समोरून उत्तरच येत नाही.

'इथे आल्यावर स्टिकर लावू' हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. एफएसएसएआयचे, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१७ चे आयात नियम स्टिकरला मुभा देतात, पण मोजक्या गोष्टींपुरतीच: आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा लोगो आणि लायसन्स नंबर, शाकाहाराची हिरवी खूण. तेही बॉण्डेड (कस्टमच्या ताब्यातल्या) गोदामात आणि मूळ मजकूर न झाकता. बॅच नंबर, तारखा, पोषणमूल्यं तिकडूनच छापून यायला हवीत, इंग्रजीत किंवा हिंदीत.

पुण्याच्या एका तरुणाने स्पेनहून ऑलिव्ह तेलाचा पहिलाच कंटेनर मागवला होता. तेल खरोखर चांगलं होतं. बाटलीवर मात्र फक्त 'बेस्ट बिफोर' आणि लॉट नंबर. युरोपात तेवढं चालतं. आपल्याकडे पॅकिंगची तारीख आणि एक्स्पायरी दोन्ही लागतात. नमुना लॅबकडे जाण्याआधीच, नुसती बाटली पाहून माल थांबला. त्याने उत्पादकाकडून तारखेचं पत्र मागवलं, पण पत्र लेबलची जागा घेत नाही. कंटेनर अडकवून ठेवल्याचं भाडं, डिटेन्शन, रोज चढत होतं. अखेर स्वतःच्या खर्चाने सगळा माल परत पाठवावा लागला. हा मुलगा माझ्याकडे दोन महिने आधी आला असता तर त्याचं भांडवल वाचलं असतं, हे मला आजही लागतं.

तेव्हापासून मी लेबलच्या डिझाइनवर विश्वास ठेवत नाही. छापून आलेल्या बाटलीचे चारही बाजूंचे फोटो मागवतो, झाकण आणि तळासकट, आणि तेही ॲडव्हान्सचे पैसे जाण्याआधी. फोटोंची प्रिंट काढून पेनाने एकेक ओळ टिक करतो. 'डबल रिफाइन्ड', 'सुपर रिफाइन्ड', 'अँटी-कोलेस्टेरॉल' असे शब्द दिसले तर लेबल बदलायलाच लावतो. खाद्यतेलावर ते चालत नाहीत.

दुसरी चूक पाम आणि सोयावाल्यांची: ड्युटीचा (आयात शुल्काचा) हिशोब इन्व्हॉइसच्या भावावर करणं. क्रूड (कच्चं) पाम, पामोलीन, क्रूड सोया यांचं टॅरिफ मूल्य सरकार साधारण दर पंधरवड्याला जाहीर करतं आणि ड्युटी त्यावर लागते, तुम्ही कितीही स्वस्तात घेतलेलं असो. त्यात दराची तारीख. बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमकडे भरायचा आयातीचा कागद, आधी भरलं की दर पक्का झाला, असं नवखे धरून चालतात. तसं नसतं. बिल भरल्याची तारीख आणि जहाजाची एंट्री इनवर्ड (जहाज आल्याची कस्टमकडची नोंद), यांतली नंतरची तारीख धरतात. १४ सप्टेंबर २०२४ ला क्रूड तेलावरची मूळ ड्युटी शून्यावरून २० टक्के झाली, रिफाइन्डवरची १२.५ वरून ३२.५. ज्यांचं जहाज तेव्हा समुद्रातच होतं, त्यांना आधी भरलेल्या बिलाने वाचवलं नाही. मे २०२५ च्या अखेरीस क्रूडवरची २० ची १० झाली. उद्या काय होईल ते धरून भाव ठरवू नका. मी सौद्याच्या कागदावर दोन आकडे लिहायला लावतो, आजच्या दराचा आणि दर दहा टक्क्यांनी वाढला तर येणारा. दुसरा झेपत नसेल तर सौदा करू नये.

म्हणून बिल भरायला उशीर करायचा, असंही नाही. जहाज लागण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत ते भरलं नाही तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये उशिराचा आकार बसतो.

पोमेस तेल, म्हणजे ऑलिव्हच्या चोथ्यातून काढलेलं तेल, कस्टमच्या वर्गवारीत १५१० मध्ये येतं, ते १५०९ चं ऑलिव्ह तेल म्हणून दाखवू नका.

एफएसएसएआयचं केंद्रीय लायसन्स माल निघाल्यावर काढायला धावू नका.

एमआरपी वजनमापाच्या नियमांखाली लागते. एफएसएसएआयचं काम झालं की लोक हे विसरतात.

क्लिअरन्सच्या (कस्टममधून माल सुटण्याच्या) दिवशी एकूण आयुष्याच्या ६० टक्के किंवा ३ महिने, यांतलं जे कमी असेल तेवढं आयुष्य तेलात शिल्लक हवं. दुकानदार मात्र तीन महिने उरलेलं तेल घेत नाही.

आणि शक्यतो एप्रिल-मेमध्ये माल उतरेल असं बुकिंग करू नका. यार्डात उन्हात पडलेल्या कंटेनरमध्ये तेल तापतं, तापलं की पेरॉक्साइड (तेल खवट होऊ लागल्याची खूण) चढतं, आणि लॅब नेमकं तेच मोजते.