जुना नॅस आणि नवीन विंडोज ११ : गायब झालेला झेड ड्राइव्ह परत कसा आणायचा

अमळनेरला मामांचा फोटो स्टुडिओ आहे, लग्नसराईत दिवसाला दोन-दोन ऑर्डरी, आणि सगळे फोटो काउंटरखाली ठेवलेल्या दोन नॅसच्या डब्यांमध्ये (नॅस म्हणजे नेटवर्कला जोडलेला हार्ड डिस्कचा डबा). मोठा डबा २०१६ चा, छोटा २०१० च्या आसपासचा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून मामांनी दिवाळीनंतर नवीन पीसी घेतला, विंडोज ११ प्रो टाकलेला, आणि पहिल्याच दिवशी झेड ड्राइव्ह, म्हणजे पीसीवर त्या डब्यातले फोटो जिथे दिसतात तो ड्राइव्ह, दिसेना. मला जळगावला फोन, "आरे भो, बठ्ठा फोटो गयात का?"

गेले नव्हते. डबे चालू होते, लाइट लुकलुकत होते, जुन्या लॅपटॉपवर सगळं उघडत होतं. तुमच्याकडेही असंच झालं असेल तर आधी एक करा, डब्यावरचं रीसेटचं बटण दाबू नका आणि डिस्क काढून पीसीला लावू नका. नॅसच्या डिस्कवर बहुतेक वेळा लिनक्सची फाइल सिस्टिम असते, ती विंडोजला वाचता येत नाही आणि ते सरळ विचारतं, फॉरमॅट करू का? घाईत कोणी यस दाबलं की मग खरंच बठ्ठं, म्हणजे सगळं, गेलं.

आता हे होतं का, ते थोडक्यात, कारण कारण कळलं की पुढची अर्धी झटापट वाचते. विंडोज आणि नॅस एकमेकांशी एसएमबी नावाच्या भाषेत बोलतात. तिची पहिली आवृत्ती १९८० च्या दशकातली, दुसरी व्हिस्टाबरोबर आली, तिसरी विंडोज ८ बरोबर. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय व्हायरस जगभर पसरला तो याच पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून, आणि त्याच वर्षीच्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या अपडेटपासून नवीन इन्स्टॉलमध्ये एसएमबी१ येणं बंद होत गेलं. मामांचा जुना पीसी वर्षानुवर्षं अपग्रेड होत आलेला, त्यात ते तसंच राहिलं होतं, म्हणून आजवर कोणाला कळलंच नाही. शिवाय २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ पासून प्रो आणि वरच्या एडिशनमध्ये अजून दोन कुलपं लागली. एक, पासवर्डशिवाय म्हणजे गेस्ट म्हणून आत जाणं बंद. दोन, प्रत्येक कनेक्शनवर सायनिंग सक्तीचं, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक पाकिटावर शिक्का हवा, मधे कोणी माल बदलला तर कळावं म्हणून. आणि गंमत अशी की हा शिक्का तयार होतो पासवर्डपासून. गेस्टला पासवर्डच नाही, मग शिक्का कुठून येणार? त्यामुळे वर्षानुवर्षं "सगळ्यांना खुलं" ठेवलेले डबे एका दिवसात बंद पडले.

तुमचं विंडोज कुठलं ते बघायला विंडोजची कळ आणि आर दाबा, विनव्हर टाइप करा, एंटर. प्रो किंवा वरची एडिशन आणि २४एच२ किंवा त्यापुढचं असेल तर हे सगळं तुम्हाला लागू.

एररवरूनही बरंच कळतं. "युवर ऑर्गनायझेशन्स सिक्युरिटी पॉलिसीज ब्लॉक अनऑथेंटिकेटेड गेस्ट अ‍ॅक्सेस" असं आलं तर गेस्टचा घोळ (मामा म्हणे, "मनी कोनती ऑर्गनायझेशन रे भो, मी आनि तुनी मामी!"). "क्रिप्टोग्राफिक सिग्नेचर इज इनव्हॅलिड" आलं तर सायनिंगचा. एसएमबी१ सुरक्षित नाही असं स्पष्ट लिहून आलं तर डबा म्हातारा आहे. आणि नुसता ०x८००७००३५, नेटवर्क पाथ सापडला नाही, तर यातलं काहीही असू शकतं, अगदी सुटलेली केबलसुद्धा.

म्हणून आधी डबा नेटवर्कवर आहे का ते बघा. राउटरच्या पानावर जाऊन नॅसचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, शोधा, समजा १९२.१६८.१.५० आहे, आणि तो ब्राउजरमध्ये टाका. नॅसचं लॉगिनचं पान आलं पाहिजे. जुन्या डब्यांचं पान सुरक्षित कनेक्शनवर उघडत नाही, कारण २०२० नंतर ब्राउजरांनी सुरक्षित कनेक्शनची जुनी पद्धत (जुनं टीएलएस) बंद केली, तेव्हा पत्त्याच्या आधी एचटीटीपीएस न लिहिता साधं एचटीटीपी लिहून बघा. मी इथेच पंधरा मिनिटं घालवली. लगे हात राउटरमध्ये हा आयपी त्या डब्यासाठी कायमचा राखून ठेवा, नाहीतर लाइट गेली की पत्ता बदलतो आणि पुन्हा फोन.

फाइल एक्सप्लोररच्या नेटवर्कमध्ये डबा दिसत नाही म्हणून घाबरू नका. तिथली जुनी यादी एसएमबी१ च्या जिवावर चालायची, ते गेल्यावर जुने डबे यादीतून जातात, पण पत्ता माहीत असेल तर घर सापडतंच. फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन बॅकस्लॅश आणि त्याला चिकटून आयपी टाका. सेटिंग्जमध्ये नेटवर्क पब्लिक असेल तर तेवढं प्रायव्हेट करून घ्या.

आता खरं काम, आणि माझं मत विचाराल तर ते विंडोजमध्ये नाही, नॅसमध्ये करायचं. व्हिडिओवाले पहिल्या मिनिटालाच विंडोजची कुलपं काढायला लावतात, आणि चालतंही लगेच, पण मग बँकेचं आणि जीएसटीचं काम ज्या पीसीवर होतं त्याचंच दार उघडं राहतं एका जुन्या डब्यासाठी.

मोठ्या डब्यात असं केलं. अ‍ॅडमिनने लॉगिन केलं, सेटिंगचा बॅकअप घेतला, कंपनीचं शेवटचं फर्मवेअर, म्हणजे डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर, टाकलं (हे करताना यूपीएस हवाच, आपल्याकडे लाइटचा भरवसा काय, आणि फर्मवेअर अर्ध्यात तुटलं तर डबा वीट होतो). मग एसएमबीचं सेटिंग. सिनॉलॉजीमध्ये कंट्रोल पॅनल, फाइल सर्व्हिसेस, एसएमबी, अ‍ॅडव्हान्स्ड असं जायचं, क्यूनॅपमध्ये नेटवर्क अँड फाइल सर्व्हिसेसमध्ये मायक्रोसॉफ्ट नेटवर्किंगचं पान आहे. तिथे मॅक्झिमम एसएमबी३ आणि मिनिमम एसएमबी२ ठेवा. दुसऱ्या कंपनीचा डबा असेल तर नावं थोडी इकडेतिकडे, पण एसएमबी, सांबा, विंडोज फाइल सर्व्हिस यातला एक शब्द सापडेलच. सर्व्हर सायनिंग असं काही दिसलं तर तेही चालू करा.

त्यानंतर युजर. गेस्ट बंद करून साधा एक युजर बनवला, नाव स्टुडिओ, त्याला नीट लांब पासवर्ड, आणि फोटोंच्या फोल्डरवर रीड-राइटची परवानगी. अ‍ॅडमिनचा युजर रोजच्या कामाला देऊ नका. नाव साध्या इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता ठेवा.

मग विंडोजकडे या. धिस पीसी उघडा, वरच्या तीन टिंबांवर क्लिक करा, मॅप नेटवर्क ड्राइव्ह, अक्षर झेड, फोल्डरच्या रकान्यात दोन बॅकस्लॅश, आयपी, एक बॅकस्लॅश आणि शेअरचं, म्हणजे नॅसवरच्या फोल्डरचं, नाव. रीकनेक्ट अ‍ॅट साइन-इन आणि कनेक्ट युजिंग डिफरंट क्रेडेन्शियल्स, दोन्हीवर टिक. आता जे नाव-पासवर्ड मागतं ते नॅसचं. इथे निम्मे लोक अडकतात, कारण ते विंडोजचा पिन टाकत बसतात, मामांनीही चार वेळा तेच टाकलं. पिन फक्त त्या पीसीपुरता असतो, नॅसला तो माहीतच नाही. तरीही नाकारलं तर युजरच्या जागी आधी नॅसचं नाव, मग बॅकस्लॅश, मग युजर असं लिहा, म्हणजे विंडोज स्वतःचा युजर समजून घोळ घालत नाही.

एकाच सर्व्हरला दोन वेगळ्या नावांनी जोडता येत नाही अशा अर्थाची १२१९ नंबरची एरर आली तर आधीच्या प्रयत्नातलं अर्धवट कनेक्शन तसंच लटकलेलं असतं. क्रेडेन्शियल मॅनेजर उघडा, विंडोज क्रेडेन्शियल्समध्ये त्या आयपीची जुनी नोंद असेल ती काढा, पीसी रीस्टार्ट करा, पुन्हा जोडा. मोठा डबा एवढ्यात सुरू झाला. खात्री करायची तर पॉवरशेल अ‍ॅडमिन म्हणून उघडून गेट-एसएमबीकनेक्शन ही कमांड इंग्रजीत टाइप करा, डायलेक्टच्या, म्हणजे एसएमबीच्या आवृत्तीच्या, रकान्यात ३ ने सुरू होणारा आकडा आला की काम चोख.

छोट्या डब्याने मात्र घाम काढला. त्यात एसएमबी२ चा पर्यायच नाही. या डब्यांच्या आत सांबा नावाचं सॉफ्टवेअर असतं आणि त्याला एसएमबी२ यायला लागलं ते २०११ च्या ३.६ आवृत्तीपासून, आमचा डबा त्याच्याही आधीचा, आणि कंपनीने फर्मवेअर देणं कधीचंच थांबवलेलं. अशा डब्याला रोजच्या वापरात ठेवायचंच नाही, फक्त माल बाहेर काढायचा.

पहिला रस्ता एफटीपीचा, ही फाइल पाठवायची दुसरी जुनी पद्धत, आणि मला तोच आवडतो कारण विंडोजला हातच लावावा लागत नाही. जुन्या डब्यांत एफटीपी बहुधा असतंच, अ‍ॅडमिनच्या पानावरून चालू करा, पीसीवर फाइलझिला हे एफटीपीचं सॉफ्टवेअर टाका आणि ओढून घ्या. मामांच्या फोल्डरांची नावं देवनागरीत, "पाटील हळद", "वऱ्हाड पारोळा" अशी, ती सुरुवातीला चौकोन-चौकोन दिसली. फाइलझिलाच्या साइट मॅनेजरमध्ये कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ केल्यावर नीट झाली. काम झालं की एफटीपी बंद, त्यात पासवर्ड उघडाच जातो.

एफटीपी नसेल तर मग एसएमबी१, पण तेवढ्यापुरतंच. विंडोजच्या शोधात टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ टाका, यादीत एसएमबी १.०/सीआयएफएस फाइल शेअरिंग सपोर्ट दिसेल, ते उलगडलं की आत तीन ओळी. फक्त क्लायंटवर टिक करा. सर्व्हरवर अजिबात नाही, त्याने तुमचा पीसीच जुन्या भाषेत दुसऱ्यांना दार उघडतो. ऑटोमॅटिक रिमूव्हलची टिक असू द्या, मग पंधरा दिवस वापर झाला नाही की विंडोज ते आपणहून काढून टाकतं. रीस्टार्ट करा आणि वर सांगितल्यासारखं जोडा.

तरीही सायनिंग किंवा गेस्टची एरर आली तर ग्रुप पॉलिसी एडिटर, हा प्रोमध्ये असतो, होममध्ये नसतो. सायनिंगसाठी कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, विंडोज सेटिंग्ज, सिक्युरिटी सेटिंग्ज, लोकल पॉलिसीज, सिक्युरिटी ऑप्शन्स असं खाली खाली जात मायक्रोसॉफ्ट नेटवर्क क्लायंट : डिजिटली साइन कम्युनिकेशन्स (ऑलवेज) ही ओळ डिसेबल्ड. त्याच्या शेजारीच नेटवर्क सर्व्हर नावाची अगदी तशीच ओळ आहे, तिला हात नको. गेस्टसाठी अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, नेटवर्क, लॅनमन वर्कस्टेशन, तिथे एनेबल इनसिक्युअर गेस्ट लॉगऑन्स. गेस्टचं कुलूप उघडायची वेळ सहसा येऊ नये, अगदी जुन्या डब्यातही युजर-पासवर्ड बनवता येतो. जे जे बदलाल ते कागदावर लिहून ठेवा, कारण परत उलटं करायचंय. आणि हे चालू असेपर्यंत राउटरची इंटरनेटची वायर काढून ठेवली तर अजून बरं, कॉपीला इंटरनेट लागतच नाही.

कॉपी करताना माउसने सगळं एकदम ओढू नका, मधे तुटलं की काय आलं काय राहिलं कळत नाही. रोबोकॉपी वापरा, ते विंडोजमध्येच असतं, तुटलं तर पुन्हा तीच कमांड दिली की झालेलं सोडून पुढचं घेतं. आमच्या डब्यात १.४ टीबी होतं, वेग सेकंदाला २० एमबीच्या आसपास, म्हणजे साडेएकोणीस तास. तुमचा वेग ११-१२ एमबीवर अडकला असेल तर मधे कुठेतरी १०० एमबीपीएसचं पोर्ट किंवा खराब केबल आहे, बऱ्याच स्वस्त राउटरांची पोर्टं तेवढीच असतात. आणि उन्हाळ्यात करणार असाल तर रात्री करा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, बंद काउंटरखाली जुनी डिस्क रात्रभर फिरवायची म्हणजे डबा बाहेर काढून समोर टेबलफॅन लावायचा, आम्ही तेच केलं.

माल मोठ्या डब्यात आणि एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर, असा दोन ठिकाणी आल्यावर पाच-सहा फोल्डर उघडून खरंच फोटो दिसतात का ते तपासलं. मग कागद काढला आणि उलट्या क्रमाने सगळं मिटवलं : पॉलिसीच्या ओळी पुन्हा नॉट कॉन्फिगर्ड किंवा आधी जे होतं ते, फीचर्समधली टिक काढली, रीस्टार्ट.

छोटा डबा टाकवत नसेल तर एखादा रास्पबेरी पाय (छोटासा कॉम्प्युटर) किंवा लिनक्स टाकलेला जुना पीसी मधे ठेवता येतो, तो डब्याशी जुन्या भाषेत बोलतो आणि विंडोजला एसएमबी३ मध्ये शेअर करतो, पण पंधरा वर्षं फिरलेल्या डिस्कसाठी एवढा खटाटोप मी तरी करणार नाही. आणि घरून फोटो बघता यावेत म्हणून असा डबा राउटरमधून इंटरनेटला उघडा करायचा तर विचारच सोडा. २०२१ च्या जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या जुन्या डब्यांमधला डेटा इंटरनेटवरून जगभर पुसला गेला होता, तेव्हा ते इंटरनेटपासून तोडा असं कंपनीलाच सांगावं लागलं.

आमचा छोटा डबा आता वायर काढून कपाटात आहे. मामांनी त्यावर चिकटपट्टी लावून लिहिलंय, "फॉरमॅट करू नये", आणि खाली माझा नंबर.