नर्सिंगची पहिली नोकरी आणि पुढची स्पेशालिटी: या चुका टाळा

तिसऱ्या वर्षाच्या मुलींना पुढे काय करणार म्हणून विचारलं, की उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: आयसीयूत अनुभव घ्यायचा आणि बाहेर जायचं. बाहेर म्हणजे दुबई, मस्कत, नाहीतर लंडन. यात वाईट काहीच नाही. पण आयसीयूच का, असं विचारलं की मावशीच्या मुलीनं तेच केलं, बाहेर त्यालाच मागणी आहे, अशी ऐकीव कारणं पुढे येतात. विद्यार्थ्यांना वॉर्डात घेऊन फिरण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे आणि माझं मत पक्कं आहे. पहिली नोकरी निवडताना विभागाचं नाव बघू नका, तिथं तुमच्या बाजूला उभं राहून शिकवणारं कोणी आहे का ते बघा. स्पेशालिटी तिथूनच उमगत जाते.

एका पोस्टिंगवरून निकाल लावणं

चार आठवड्यांच्या पोस्टिंगमध्ये इन्चार्ज सिस्टर कडक भेटली की तो विभाग आयुष्यभरासाठी नावडता होतो, प्रेमळ भेटली की तोच आवडता. आपल्या गोव्यात बांबोळीच्या मनोरुग्णालयात पोस्टिंग लागली की घरचेच आधी घाबरवतात, मुली जीव मुठीत धरून जातात आणि दिवस मोजून परत येतात. त्यातल्या एखादीला माणसांशी बोलायची, त्यांचं ऐकून घ्यायची उत्तम हातोटी असते, पण ते तिला कोणी सांगत नाही.

विभाग आवडला का, हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. त्या विभागातलं रोजचं, कंटाळवाणं काम तुम्हाला झेपतं का, हे विचारा. डायलिसिसमध्ये तेच पेशंट आठवड्याला दोन-तीनदा, वर्षानुवर्षं येतात. त्यांच्या घरातली लग्नं, भांडणं, कर्ज सगळं तुम्हाला कळतं आणि एक दिवस त्यांची खुर्ची रिकामी झालेलीही बघावी लागते. कॅज्युअल्टीत याच्या उलट. पेशंट सावरेपर्यंत जिवाचा आटापिटा करायचा, आणि वर वॉर्डात गेल्यावर त्याचं पुढे काय झालं हे बहुतेकदा कळतच नाही. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, पेशंट भूल दिलेला, त्यामुळे बोलणं नाही, पण मॉप्स आणि उपकरणं मोजताना एकाचा फरक चालत नाही. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, दोन मिली दूध नळीतून देताना बाळाच्या रंगाकडे डोळे लावून उभं राहायचं. यातलं कुठलं काम रात्री तीन वाजता, पाठ दुखत असताना, तुम्ही नीट कराल? प्रत्येक पोस्टिंग संपल्यावर याचं उत्तर वहीत लिहून ठेवा. लॉग बुकमध्ये नको, ते बाई तपासतात. वेगळ्या वहीत.

शिक्षणाच्या वाटाही माहीत असू द्या. एम.एस्सी. नर्सिंगच्या मुख्य शाखा पाच: मेडिकल-सर्जिकल, प्रसूती व स्त्रीरोग, बालआरोग्य, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य. त्यासाठी बी.एस्सी.नंतर किमान एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. क्रिटिकल केअर, नवजात शिशू, कर्करोग, ओटी अशा विषयांत एक वर्षाचे पोस्ट बेसिक डिप्लोमा आहेत. क्रिटिकल केअरमध्येच पुढे जायचं असेल तर दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रमही आहे. म्हणजे पहिल्या वर्षी जनरल वॉर्डात राहिलात म्हणून कुठलीही दारं बंद होत नाहीत.

वॉर्डातली नोकरी म्हणजे वर्ष वाया, असं मानणं

मला सगळ्यात जास्त खटकते ती ही चूक.

कुठल्याही वॉर्डातला टीपीआर चार्ट, म्हणजे तापमान, नाडी आणि श्वासाचा तक्ता, उघडा. तापमान वेगवेगळं, नाडी वेगवेगळी, पण श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 20, 20, 20 असं बरेचदा दिसतं. न्यूमोनियाच्या आजोबांचेही 20 आणि हर्नियाच्या ऑपरेशनला आलेल्या तरुणाचेही 20. श्वास मोजलेलाच नसतो. पेशंट बिघडायला लागतो तेव्हा रक्तदाब उतरायच्या कितीतरी आधी श्वासाची गती वाढते. म्हणून नाडी बघून झाली तरी मनगट सोडायचं नाही, नजर छातीवर न्यायची आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचं. मोजतोय हे पेशंटला कळलं की तो वेगळा श्वास घेतो. 28 आला तर तो लिहून पुढच्या बेडकडे जायचं नाही. ऑक्सिजनची पातळी बघायची, डॉक्टरांना कळवायचं आणि कळवल्याची वेळही लिहायची. तसंच इनटेक-आउटपुटचं, म्हणजे पोटात-शिरेतून किती गेलं आणि बाहेर किती आलं त्या नोंदीचं. 60 किलोच्या माणसाला तासाला साधारण 30 मिली लघवी व्हायला हवी. चार तासांत पिशवीत पन्नासच जमली असेल तर सकाळच्या राउंडची वाट बघायची नसते.

आयसीयूत हे आकडे मॉनिटर दाखवतो. पण ज्या मुलीनं हातानं मोजलेलं नाही तिला मॉनिटर चुकतोय हे कळत नाही. प्रोब सुटला म्हणून अलार्म वाजतोय की पेशंटच बिघडलाय, हा फरक वॉर्डातल्या सवयीतून येतो. एकाच वेळी बऱ्याच पेशंट्सचं काम कसं लावायचं, ड्युटी बदलताना हँडओव्हर कसा द्यायचा, नातेवाइकांशी कसं बोलायचं, हेसुद्धा वॉर्डच शिकवतो.

आता पहिलीच नोकरी आयसीयूत लागली असेल तर ती सोडायला मी सांगणार नाही. सुरुवातीचे काही महिने एका अनुभवी सिस्टरच्या हाताखाली ड्युटी लावा, असं स्पष्ट मागा. व्हेंटिलेटरवरचा पेशंट पहिल्याच आठवड्यात एकटीवर सोपवला तर त्याच वेळी तोंडानं सांगा आणि लेखीही द्या, की हे मला अजून येत नाही. त्यात लाज कसली? काही रुग्णालयांत माणसं कमी म्हणून नव्या मुलीला सरळ उभं केलं जातं आणि काही बिनसलं की बोट तिच्याकडेच जातं. तसं वारंवार व्हायला लागलं तर मात्र दुसरी जागा शोधा.

नोंदणीआधीच 'अनुभव' गोळा करणं

सुट्टीत एखाद्या खासगी नर्सिंग होममध्ये किंवा घरी पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीत 'स्टाफ' म्हणून काम मिळतं, हातात चार पैसेही येतात. पण राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदवण्याआधी केलेलं काम नर्सचा अनुभव म्हणून धरलं जात नाही, आणि इंजेक्शन देताना काही घडलं तर पाठीशी कोणी नसतं. सुट्टीत शिकायचंच असेल तर रक्तदान शिबिर, आरोग्य शिबिर, वृद्धाश्रम, पॅलिएटिव्ह केअरच्या टीमबरोबर घरभेटी असं काम स्वयंसेवक म्हणून करा. इंजेक्शन, सलाइन, औषधं यांना हात लावायचा नाही. शेवटच्या सत्रातली इंटर्नशिप मात्र मन लावून करा. तुमच्या चुका शेजारी उभं राहून दुरुस्त करणारं माणूस इतकं सहज पुन्हा मिळत नाही.

एक गोष्ट पहिल्याच वर्षी उरकून घ्या. हिपॅटायटिस बीची लस 0, 1 आणि 6 महिन्यांनी अशी तीनदा घ्यावी लागते, आणि तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून अँटिबॉडी 10 (एमआययू/मिली) किंवा त्याहून जास्त आल्या आहेत ना, हे बघायचं असतं. नोकरी लागल्यावर बघू म्हटलं तर वॉर्डातला सगळा काळ विनासंरक्षण जातो. सुईला टोपण परत लावू नका. सुई टोचलीच तर साबण-पाण्यानं धुवा आणि ताबडतोब कळवा. एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत सुरू व्हावी लागतात, 72 तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. सिस्टर ओरडतील म्हणून गप्प बसणाऱ्या मुली मी बघितल्या आहेत. असं करू नका.

गोव्याकडे पाठ करून स्पेशालिटी निवडणं

बाहेर जाणार असलात तरी पहिली दोन-तीन वर्षं बहुतेक इथेच जाणार आहेत. मग इथले आजार काय सांगतात ते तरी बघा. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्या राज्यांत गोव्यात सर्वाधिक निघालं, 26.4 टक्के. त्यामागोमाग पायाच्या जखमा, मूत्रपिंडं, डोळे, हृदय हे सगळं येतं. मधुमेहींना इन्सुलिन नीट टोचायला शिकवणारी, पायाची जखम वेळेत ओळखणारी नर्स इथे प्रत्येक तालुक्याला हवी आहे. काणकोणात मूत्रपिंडाच्या आजाराचा प्रश्न वर्षानुवर्षं गाजतोय. सत्तरीत 2015 पासून माकडतापाच्या साथी आल्या आणि वाळपईच्या आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्यांनी त्या झेलल्या. कम्युनिटी नर्सिंग म्हणजे नुसतं रजिस्टर भरणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी साथीच्या हंगामात तिथल्या सिस्टरांशी एकदा बोलून बघावं. हृदयविकाराच्या झटक्यासाठीच्या 'स्टेमी' योजनेत लहान केंद्रातला ईसीजी गोमेकॉतल्या (गोवा मेडिकल कॉलेजातल्या) तज्ज्ञांना दाखवून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्याच केंद्रात देता येतं. त्या केंद्रातल्या नर्सचं काम आयसीयूइतकंच जोखमीचं आहे. आणि घरोघरी एकटे राहिलेले आईवडील आहेत, मुलं पोर्तुगालला नाहीतर इंग्लंडला. वृद्धांची आणि अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा ही इथली मोठी गरज आहे, पण तिचं नाव वर्गात क्वचितच कोणी घेतं.

भाषेचंही तसंच. पेडणे, डिचोली, सत्तरीकडच्या आपल्या मुली मराठीत शिकल्या-वाढल्या, कोंकणी कळते म्हणतात, पण सासष्टीतली आजी 'कुशीक चाबता' म्हणाली की नेमकं कुठे आणि कसं दुखतंय ते विचारून घेता येत नाही. सरकारी जाहिरातींत कोंकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं असल्यास उत्तम, असं लिहिलेलं असतं. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखलाही लागतो, तो वेळेत काढा. शिवाय बांधकामावरचा मजूर कन्नड किंवा हिंदी बोलतो. वेदना, उलटी, लघवी, शौच, ताप एवढे शब्द तरी तिन्ही भाषांत पाठ हवेत.

कागद आणि मुदती

दोन वर्षं राबून अनुभवाचं पत्र असं मिळतं: 'सदर उमेदवार आमच्याकडे काम करत होती, वागणूक चांगली.' ते कुठेच चालत नाही. पत्रात पदाचं नाव, विभाग, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पूर्णवेळ की अर्धवेळ, रुग्णालयात बेड किती, हे सगळं हवं. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत जीएनएमवाल्यांना (नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्यांना) किमान 50 बेडच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो, तोही पात्रता मिळाल्यानंतरचा. आखाती देशांसाठी डाटाफ्लो या कागदपत्रं तपासणाऱ्या कंपनीमार्फत पडताळणी होते तेव्हा पत्र देणाऱ्या रुग्णालयालाच विचारलं जातं. सही करणारा सोडून गेला, नर्सिंग होम बंद पडलं, की तुमची फाइल अडकते. नेमणूक पत्र आणि पगाराच्या पावत्या पहिल्या महिन्यापासून जपा. पत्र अपुरं मिळालं असेल तर सोडून गेल्यावर वर्षभराने धावपळ करण्यापेक्षा आताच जाऊन दुरुस्त करून घ्या. मूळ प्रमाणपत्रं कोणाच्याही कपाटात ठेवायला देऊ नका, साक्षांकित प्रती द्या. बाँडवर सही करण्याआधी तो घरी आणून शांतपणे वाचा.

लवकर परीक्षा देऊन टाकायची घाईही अशीच महागात पडते. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं बीएलएस, एसीएलएसचं (हृदय बंद पडल्यावर जीव वाचवण्याच्या प्रशिक्षणाचं) कार्ड दोन वर्षं चालतं, आयएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचे गुणही दोन वर्षं. दुसऱ्या वर्षी हौसेनं दिलेली परीक्षा अर्ज करायच्या वेळी संपलेली असते. ब्रिटनसाठी आयएल्ट्समध्ये वाचन, ऐकणं, बोलणं यांत 7 आणि लेखनात 6.5 लागतात. इंग्रजीचा सराव आजपासून करा, परीक्षेची तारीख मात्र अर्जाच्या हिशेबानं घ्या.

निवड चुकलीच असेल तर

सहा-आठ महिन्यांत कळलं की हा विभाग आपला नाही, तर राजीनाम्याच्या आधी अंतर्गत बदली मागा. नर्सिंग सुपरिंटेंडंटकडे जाताना 'मला इथं नको' असं म्हणू नका, कुठे जायचंय आणि तिथलं कोणतं काम येतं ते सांगा. लेबर रूममध्ये जायचं असेल तर सुट्टीच्या दिवशी दोन-चार वेळा परवानगीनं तिथं उभं राहून बघा. नवी जागा शोधताना मुलाखतीत पगाराइतकेच हे प्रश्नही विचारा: रात्रीच्या ड्युटीला एका नर्सकडे किती पेशंट असतात? नव्या नर्सला किती दिवस कोणाच्या हाताखाली ठेवता? या विभागातल्या किती जणी वर्षभरात सोडून गेल्या? उत्तर देताना समोरचा अडखळला, तर जाता जाता वॉर्डात डोकावून ड्युटीवरच्या एखाद्या स्टाफलाच तेच प्रश्न विचारा.